कोयता म्हणजे किती माणसं

गेल्या वर्षीची पंधरा जानेवारी, वासी उत्तरायण. सुरतेत संक्रांतीची सुटी असते आणि ती सुटी पचवायला दुसऱ्या दिवशी आणखी एक सुटी असते. सगळं शहर गच्चीवर होतं. मी खाली, दिंडोलीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, जिला आम्ही ऑफिस म्हणतो, एक कंटाळवाणं काम उरकत बसले होते. बारडोलीकडच्या एका साखर कारखान्याच्या ऊसतोड कामगारांची यादी रोज विमा कंपनीकडे जाते. त्या यादीत वयाच्या जागी आता जन्मवर्ष हवं होतं. विमा कंपनीने हे कारखान्याला कधीच कळवलं होतं. कारखान्याने मला संक्रांतीच्या संध्याकाळी कळवलं, पतंगाचं चित्र आणि शुभेच्छांसकट, आणि खाली एक ओळ: उद्यापर्यंत झालं तर बरं.

अशा ओळींवर माझं निम्मं आयुष्य गेलं आहे.

मी वेबचे प्रोग्राम लिहिते. वडील पारोळ्याकडून लूमवर कामाला आले, आम्ही नवागामात वाढलो, मराठी शाळेत शिकलो, घरात अहिराणी बोललो. पुढे मी संगणकात शिरले आणि तेव्हापासून काय काम करते हे नातेवाइकांना सांगताना दमले. मी 'बिल्डर वापरते' असं एकदा एका लग्नात म्हणाले, तर मामेसासरे म्हणाले, "चांगलं आहे, मग आमच्या मुलासाठी एखादा फ्लॅट बघ ना."

तेव्हा या अंकाच्या वाचकांसाठी नीट सांगते. पडद्यावरची रंगीत बटणं, सरकणारी चित्रं हे माझं काम नाही. एका संगणकाकडची माहिती दुसऱ्या संगणकाला समजेल अशा रूपात मांडून देणं हे माझं काम. माणूस माणसाला सांगेल, 'हिंमतच्या टोळीत अमुक अमुक आहेत,' आणि भागेल. संगणकाचं भागत नाही. त्याला प्रत्येक गोष्टीवर नावाची चिठ्ठी हवी आणि प्रत्येक गोष्ट ठरलेल्या कप्प्यात हवी. टोळीचा कप्पा, त्यात कोयत्यांचे कप्पे, कोयत्यात कामगार, कामगारात नाव, वय, कार्ड क्रमांक. उघडलेला कंस मिटलेला हवा. दोन गोष्टींच्या मध्ये स्वल्पविराम हवा, शेवटच्या गोष्टीनंतर नको. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की समोरचा संगणक सगळी यादी परत पाठवतो, आणि चूक म्हणून जी ओळ दाखवतो तिथे चूक कधीच नसते.

सुरुवातीला हे आम्ही हाताने जोडायचो. कंसाचा तुकडा, मग नावाचा तुकडा, मग स्वल्पविराम, गोधडी शिवावी तसं. एका व्यापाऱ्याने दुकानाच्या नावातच अवतरणचिन्हं घातली होती. त्या चिन्हांनी सगळ्या बाजाराची यादी बंद पाडली, कारण समोरच्या संगणकाला वाटलं, वाक्य इथेच संपलं. ते शोधण्यात माझा अख्खा रविवार गेला आणि व्यापारी म्हणाला, "बेन, नामने हाथ नहीं लगाडवानो."

मग बिल्डर आले. बिल्डर म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेलं तयार साधन, आपल्या प्रोग्राममध्ये बसवायचं. आपण फक्त आकार सांगायचा: ही टोळी, तिच्यात हे कोयते, प्रत्येकात नाव आणि वय. कंस, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं हे सगळं तो बघतो. चूक करत नाही, कंटाळत नाही, चहाही मागत नाही. पण सांगितलेल्या आकाराबाहेर जग आहे याची त्याला खबर नसते. आकार चुकीचा सांगितला तर तो चुकीचीच गोष्ट अगदी बिनचूक बांधून देतो. समोरचा संगणक ती आनंदाने घेतो आणि वर्षानुवर्षं कोणालाच काही कळत नाही.

आकार नीट सांगणं हे खरं काम, आणि ते गिऱ्हाइकाकडून काढून घेणं हा खरा ताप. रिंगरोडवरचे एक साडीवाले शेठ होते. त्यांच्या साड्यांची माहिती एका ऑनलाइन बाजाराला जायची. लाभपंचमीला त्यांचा फोन आला, "बेन, फाइलनी उपर श्री तो लखो." मी सांगितलं की ही फाइल माणूस वाचत नाही, समोर यंत्र आहे, अनोळखी शब्द दिसला की ते सगळ्या साड्या परत पाठवेल. ते म्हणाले, "श्री वगर केम चाले?" मी दोन दिवस वाद घातला. शेवटी फाइल ज्या पाकिटातून जाते, म्हणजे पाठवताना तिच्यावर पत्त्यासारखी जी माहिती लागते, तिथे एक जादा ओळ घालून श्री लिहिलं. समोरचं यंत्र तिथल्या अनोळखी ओळीकडे बघत नाही. शेठ खूश, यंत्र खूश. पुढच्या दिवाळीला शेठनी मिठाई पाठवली आणि कामाचे पैसे पाठवायला विसरले.

पण हे सगळं हसण्यावारी जातं. वासी उत्तरायणाचं गेलं नाही.

जन्मवर्षाचं काम निम्मं झालं असताना फोन वाजला. मोठ्या आवाजात मागे कोणीतरी रडत होतं.

"ताई, मी हिंमत बोलस. टोळीना मुकादम."

हिंमतभाऊ साक्रीकडचे. हंगामाच्या सुरुवातीला मी त्यांच्या पडावावर गेले होते, मोबाइलवरून हजेरी कशी लावायची ते दाखवायला. तेव्हा सगळ्या मुकादमांना माझा नंबर दिला होता. हजेरी लावता आली नाही तर विचारा म्हणून. त्यानंतर फोन आला तो हा.

"सुनंदाना हात कापाई गया, ताई. भटूनी बायको."

ऊस तोडताना डाव्या हाताने ऊस धरतात आणि उजव्या हाताने बुडाशी घाव घालतात. तिचा घाव निसटला आणि डाव्या मनगटावर आतल्या बाजूने बसला. बारडोलीच्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं आणि सांगितलं, बोटं वळवणाऱ्या दोऱ्या तुटल्या आहेत, सुरतेला हाताच्या डॉक्टरांकडे न्या, आजच्या आज. कारखान्याच्या गेटवर बोर्ड आहे की कामावर अपघात झाला तर या या दवाखान्यात उपचार मोफत. हिंमतभाऊंनी त्यातलाच एक खाजगी दवाखाना गाठला होता. डॉक्टर तयार होते. काउंटर तयार नव्हता.

"ती पोरगी म्हणस, मशीनमा नाव नही. भटूनं शे, तिनं नही."

"कारखान्यात फोन केला?"

"कोण उचली? सगळा पतंग उडाई राहिनात."

सरकारी दवाखान्यात नेलं तर पुन्हा पहिल्यापासून केसपेपर, तपासणी, रांग. त्यातच दिवस गेला असता, आणि त्या दिवशी शहरातले सगळे दवाखाने मांज्याने कापलेल्या माणसांनी भरलेले असतात. अनामत भरायला टोळीकडे काही नव्हतं. मध्येच फोन दुसऱ्या कोणीतरी घेतला. आवाज तरुण होता.

"ताई, मी भटू. ती मनासंगे तोडस. रोज. तिना हात वाची ना?"

वाचेल की नाही हे मला कसं माहीत असणार? मी म्हटलं, "फोन चालू ठेवा, मी बघते."

बघायला वेळ लागला नाही. भटूचा कोयता उघडला. कार्ड क्रमांक होता, भटूचं नाव होतं, वय होतं, 'कोयता: १' असं होतं. बाकी काही नव्हतं. शेजारचा कोयता उघडला. एका पुरुषाचं नाव, कोयता एक. मग सगळीच टोळी उघडली, मग दुसऱ्या टोळ्या. मी तीन हंगाम ही यादी रोज पाठवत होते आणि तिच्यात एकही बाई नव्हती.

इथे तोडीचा हिशेब सांगायला हवा. ऊसतोडीत नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधीची उचल कोयत्याला, कार्ड कोयत्याला, फडात तोडायच्या ओळींची पात कोयत्याला. तो तोडतो, ती तोडते, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि मोजताना दोघं मिळून एक. हे काम मी जुन्या कंत्राटदाराकडून घेतलं तेव्हा मजूर विभागाच्या जयंतीभाईंना विचारलं होतं, "एका कोयत्यात एकच नाव?" ते म्हणाले होते, "कोयतो एटले एक." मी बिल्डरला तसा आकार सांगितला. बिल्डरने बिनचूक बांधला. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढेच होती. विमा कंपनीने नेमून दिलेल्या नमुन्यात कोयत्याच्या कप्प्यात कामगारांची यादी चालत होती, दोन, तीन, कितीही. तिथे आम्ही रोज एका माणसाची यादी पाठवत होतो.

मी दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीला फोन द्यायला सांगितलं. मुलगी हुशार होती, गुजराती-हिंदी मिसळून भराभर बोलत होती.

"मॅडम, एकदम सिम्पल है. हस्बंड का नाम तो है ने? उसके नीचे वाइफ डाल दो, डिपेंडंट में. दो मिनिट."

तसा कप्पा नमुन्यात होता खरा, आश्रितांचा. मी पत्नी म्हणून नाव घालून बघितलं. पाठवायच्या आधी विमा कंपनीच्या संकेतस्थळावर चाचणी घेता येते. चाचणीत नाव पास झालं, आणि त्याच्यापुढे 'व्यवसाय: गृहिणी' असं आपोआप उमटलं. मी ते बदलायला गेले तर बदलेना. पत्नी म्हटलं की गृहिणी, असा आकार तिकडच्या कोणीतरी सांगून ठेवला होता. तो कोणीतरी माझ्यासारखाच एखाद्या खोलीत बसला असणार.

"बेटा," मी म्हटलं, "आश्रिताला कामावरच्या अपघाताचा विमा लागतो का?"

कळफलकाचा आवाज आला. "ना मॅडम. वर्कर को ही."

"म्हणजे उद्या विमा कंपनी विचारणार, गृहिणी उसाच्या फडात काय करत होती?"

"वो तो पूछेंगे," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "मॅडम, जल्दी करना. डॉक्टर साहब दो बार पूछ के गए."

म्हणजे नाव कामगार म्हणूनच घालायला हवं होतं, आणि कामगाराचं नाव मी माझ्या मनाने घालू शकत नाही. ते बरोबरच आहे. उद्या कोणीही माझ्यासारखी बसून कोणाचंही नाव घालेल. त्याला मजूर विभागाची लेखी मंजुरी लागते, मोबाइलवरचा संदेश चालतो. जयंतीभाईंना पाच फोन केले. वाजत राहिले. त्यांचं घर कतारगामला आहे हे माहीत होतं. गळ्याला ओढणीचे चार वेढे घातले, स्कूटरला पुढे मांजा अडवायची तार लावलेली होतीच, आणि निघाले. पुलांवरून त्या दिवशी दुचाकीला बंदी. खालून, सिग्नलसिग्नलला थांबत गेले. रस्त्यात प्रत्येक चौकात पोरं कटलेल्या पतंगामागे वर बघत धावत होती आणि मी त्यांना शिव्या देत होते.

जयंतीभाई माणूस वाईट नाही. गच्चीवर होते, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, बोटांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या. मागे त्यांच्या बायकोने, रमीलाबेनने, फिरकी धरली होती. स्पीकर इतका मोठा की मला ओरडून बोलावं लागलं.

"आवो आवो बेन! ऊंधियुं खाधुं?"

मी ऊंधियुं बाजूला ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी पतंगावरची नजर न काढता ऐकलं. बाई कोणाची, कुठली टोळी, कुठला दवाखाना, सगळं विचारलं. मग म्हणाले, "बहु खराब थयुं. पण बेन, हमणां केवी रीते? एकीचं नाव घातलं तर सगळ्यांची घालावी लागतील. संचालक मंडळासमोर ठेवावं लागेल. मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात तिची बोटं तशीच राहतील."

"हूं समजुं छुं. पण कोयतो एटले एक. आपणो नियम छे."

मला रागही आला आणि हसूही. मी विचारलं, "जयंतीभाई, आज भटूच्या कोयत्याची हजेरी काय लागेल?"

"आज? आज तो अडधो लागसे."

"अर्धा का?"

"एनी बैरी नथी ने." बायको नाही ना म्हणून, असं सांगून त्यांनी पतंगाला ढील दिली.

बाई आजारी पडली, गावी गेली, बाळंत झाली की नवरा 'अर्धा कोयता' होतो. हे हजेरीत लागतं, तोडीच्या हिशेबात लागतं, माझ्याच प्रोग्राममध्ये अर्ध्याचा आकडा घ्यायची सोय होती आणि ती कारखान्याने मागून घेतली होती.

"म्हणजे ती आली नाही तर अर्धा जातो," मी म्हटलं. "मग जो अर्धा जातो तो कोण असतो? त्याला हात असतात की नाही? नियम तुमचाच आहे, मी काही नवा काढला नाही."

त्यांनी दोरा दोनदा खेचला. रमीलाबेन बोलल्या, स्पीकरच्या वर आवाज काढून.

"एमने पूछो तो खरां, फिरकी वगर पतंग चगे छे के?"

शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी हसलं. ही उपमा मला सुचली नव्हती आणि मला तिची गरजही नव्हती, पण काम तिनेच केलं. जयंतीभाईंनी दोरा रमीलाबेनकडे दिला, फोन काढला आणि टाइप करायला लागले. बोटांना पट्ट्या असल्यामुळे फोन काही ऐकेना. वैतागून त्यांनी फोनही बायकोकडे दिला आणि दोरा परत घेतला. मंजुरी रमीलाबेनने टाइप केली, मी सांगितली तशी. सुनंदा भटू, कामगार, कोयता अमुक, कामावर हजर होती.

"एक ज नाम," जयंतीभाई म्हणाले. "बीजां नहीं, बेन."

"आज एकच," मी म्हटलं.

खोलीत परत आले तोवर हिंमतभाऊंचे सात मिस्ड कॉल. बिल्डरचा आकार बदलायला लागले. जिथे 'कोयत्यात एक कामगार' होतं तिथे 'कोयत्यातले सगळे कामगार' केलं. दोन ओळींचं काम. तीन हंगाम राहून गेलेलं, ज्याच्यासाठी मंडळाची बैठक लागणार होती, ते दोन ओळींचं काम. पाठवलं. परत आलं. कारण काय, तर दोन कामगारांचा कार्ड क्रमांक एकच. बरोबर, कार्डही कोयत्याला एकच होतं. क्रमांकाच्या शेवटी भटूला एक आणि सुनंदाला दोन असं जोडलं. मग भटूचा जुना क्रमांक बदलला म्हणून विमा कंपनीच्या यंत्राला वाटलं की भटू नवा माणूस आहे आणि जुना भटू काम सोडून गेला. परत आलं. तिकडे एक बाई हात उचलून धरून बसली होती आणि इकडे मी एका यंत्राला पटवत होते की तिचा नवरा तोच आहे. शेवटी भटूचा क्रमांक जुनाच ठेवला, फक्त सुनंदाच्या पुढे दोन लावला.

यादी स्वीकारली गेली. मी काउंटरवर फोन लावला. मुलगी म्हणाली, "रुको मॅडम, रीफ्रेश करती हूँ." मग, "आ गया. सुनंदाबेन. वर्कर." पुढचं तिने मला सांगितलंच नाही, फोन ठेवून दिला. ते मला आवडलं.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. तिच्या हाताचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, वाचणाऱ्याला शेवटपर्यंत टांगून ठेवायची मला हौस नाही. अंगठा आणि दोन बोटं नीट वळतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धवट वळतं. भाकरी थापता येते. ऊस धरून ठेवता येत नाही. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात आणल्या आणल्या घेता आलं असतं तर कदाचित तीही वळली असती, कदाचित नाही. हे कदाचित मला अजून टोचतं. मधला तो वेळ ना कोयत्याने घेतला ना डॉक्टरांनी. तो एका कप्प्याने घेतला. भटूने यंदा फोन करून सांगितलं की तोडीला येत नाही, शेळ्या घेतल्या आहेत. मी बरं म्हटलं. आणखी काय म्हणणार?

पुष्कळ लोक मला विचारतात की हे काम आता आपोआप होत नाही का, संगणकच लिहीत नाही का. लिहितो. मीही लिहून घेते, आणि भरभर होतं. आकार कोणी सांगायचा हा प्रश्न तरी तसाच राहतो. तो सांगणारा माणूस बहुतेक वेळा गच्चीवर असतो.

आता दुसऱ्या दिवशीचं.

सोळा जानेवारीला सकाळी चहाच्या आधी मी एक काम केलं. विमा कंपनीच्या यादीला हात लावला नाही, तिथे लोकांचे उपचार अडकलेले असतात. पण कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर एक पडदा आहे, त्यावर आज किती कोयते फडात आहेत ते दिसतं. त्या पडद्यालाही माहिती माझाच बिल्डर बांधून देतो. मी तिथे जयंतीभाईंचा नियम जसाच्या तसा बसवला: कोयत्यात दोन नावं असतील तर एक, एकच नाव असेल तर अर्धा. पडदा चालू झाला आणि कारखान्याचे निम्मे कोयते नाहीसे झाले. फक्त एक कोयता पूर्ण होता, भटूचा, आणि तो दवाखान्यात होता.

आदल्या दिवशी ज्यांनी फोन उचलले नव्हते ते सगळे मला फोन करायला लागले. आधी मजूर विभागातला क्लार्क, मग गाड्यांचं वेळापत्रक बघणारे, मग स्वतः जयंतीभाई.

"बेन, आ शुं कर्युं? आपणा अडधा कोयता क्यां गया?"

"शेतात आहेत. नावं घ्यायला माणूस पाठवा, पडदा भरेल."

"माणस? आजे तो बधा हजी सूता छे."

"झोपू द्या त्यांना. मीच जाते. तुम्ही फक्त मला आत सोडायला सांगा."

मागून रमीलाबेनचा आवाज आला, काय म्हणाल्या ते कळलं नाही. जयंतीभाई म्हणाले, "जाव, बेन. लखी आवो. हूं मंडळने जोई लईस."

मी बारडोलीची बस धरली. तिथून कारखान्याच्या एका रिकाम्या ट्रॅक्टरने फडापर्यंत सोडलं. हिंमतभाऊ दवाखान्यातच होते, त्यामुळे माझी ओळख करून द्यायला कोणी नव्हतं. उसाच्या कडेला एक वयस्क बाई मोळी बांधत होती. मोबाइल हातात घेऊन मी तिच्यापाशी गेले आणि नाव विचारलं. तिने मोळीची गाठ मारली, मग माझ्याकडे बघितलं.

"काय लिखी राहिनी, माय?"

"तुमचं नाव. कारखान्याच्या यादीत."

"कोयतामा मना मालकनं शे ना."

"त्यांचं आहे. तुमचं नाही."

तिने हात पदराला पुसले. "सुनंदाना हात कसा शे?"

सकाळीच हिंमतभाऊंशी बोलले होते ते सांगितलं. ऑपरेशन झालं, अंगठा हलतो आहे, बाकीच्या बोटांचं पट्टी काढल्यावर कळेल.

मग तिने तिचं नाव सांगितलं, वडिलांचं आणि नवऱ्याचं दोन्ही जोडून. मी लिहून तिला वाचून दाखवलं. तिने मान डोलावली, कोयता उचलला आणि पलीकडच्या पातीकडे बोट केलं.

"मागे दोनजणी शेतस. त्यासनं बी लिख."

मी त्या बाजूला वळले.